ओहोटीच्या वेळा आणि भुरी : मुरूड-आंजर्ल्याची हिवाळी भटकंती

घरात कुत्रं असलं की ऋतूंचा हिशोबच बदलतो. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, पायाच्या गाद्यांतून येतो तेवढाच. बाकीची उष्णता बाहेर टाकायची ती जीभ काढून, धापा टाकत. त्यामुळे एप्रिल-मेमध्ये डांबर तापायच्या आत, उजाडता उजाडता फेरी उरकावी लागते. पावसाळ्यात चिखल आणि गोचिडी. दिवाळी उलटून हवेत गारवा आला की भुरीचे खरे दिवस सुरू होतात. सकाळचे दहा वाजले तरी ती टेकडीवरून उतरायला तयार नसते, आणि तिच्यामुळे आमचं अख्खं घर चालायला लागतं.

भुरी गावठी आहे. तांबूस अंग, कानांची टोकं काळी, शेपूट वर वळलेली. सोसायटीत कुणी 'कुठली जात?' असं विचारलं की माझी लेक ठासून सांगते, 'गावठी!' तिचा तो ठसका मला फार आवडतो. इथल्या हवेत पिढ्यान् पिढ्या वाढलेलं हे जनावर काटक असतं, हुशार असतं, आणि माणसाचा चेहरा वाचण्यात तर कुणाला हार जाणार नाही.

नाताळच्या सुट्टीत भुरीला घेऊन दापोलीजवळच्या मुरूडला जायचं ठरवलं. नवरा, लेक, धाकटा, सासूबाई आणि मी. राहायची जागा मात्र आधी नीट विचारून घेतली. 'कुत्रं चालेल' असं फोनवर मोघम सांगणारे पुष्कळ असतात, आणि तिथे पोचल्यावर त्याला अंगणात बांधा म्हणतात. आम्हाला मिळालेल्या काकू स्पष्ट बोलल्या. "खोलीत ठेवा, पडवीत ठेवा, फक्त स्वयंपाकघरात आणि देवघराकडे नको. आणि आमचा टिपू आहे, त्याच्याशी ओळख करून द्यावी लागेल." एवढं स्वच्छ बोलणं झालं की मन निर्धास्त होतं.

पहिला दिवस : घाट उतरताना

ताम्हिणीची वळणं कुत्र्याच्या पोटाला सोसत नाहीत, म्हणून भुरीला पहाटे फक्त पाणी दिलं. आदल्या रात्रीचं जेवणही हलकं ठेवलं होतं. मागच्या सीटवर तिची जुनी चादर, पट्ट्याला जोडलेला कुत्र्यांचा सीटबेल्ट आणि शेजारी आजी. मुळशीच्या पाण्याकाठी पहिला थांबा घेतला. धुकं पाण्यावरून अजून उठलं नव्हतं. सासूबाई शाल गुंडाळून उतरल्या आणि 'मीच फिरवते हिला' म्हणाल्या. पुण्यात त्या गुडघ्यांमुळे जिना टाळतात. भुरीची दोरी हातात आली की त्यांच्या चालीत वेगळाच आत्मविश्वास येतो, आणि भुरीही त्यांच्यासोबत कधी ओढत नाही. लेक धरते तेव्हा धावते, आजी धरतात तेव्हा पाऊल मोजून टाकते. तिला हे कुणी शिकवलेलं नाही.

घाटात माकडं रस्त्यावर बसलेली असतात, कारण येणारे-जाणारे त्यांना चिप्स आणि केळी टाकतात. काचा वर घेतल्या. भुरीनं एकदाच भुंकून नोंद घेतली. पुढे माणगाव, आंबेतला सावित्रीचं रुंद पात्र, मग मंडणगडवरून दापोली. घाट उतरला की थंडीची जातच बदलते. पुण्याची थंडी कोरडी, ओठ फोडणारी. इथली पहाटे दव घेऊन येते आणि ऊन वर आलं की पळते. पण दापोली उंचावर असल्यामुळे तिथे गारवा जास्त टिकतो. 'मिनी महाबळेश्वर' हे नाव काही उगीच पडलेलं नाही.

काकूंच्या फाटकाशी टिपू उभाच होता. गावातल्या कुत्र्याशी भेट घालून द्यायची तर दोरी ताणून धरायची नाही. ती ताणली की कुत्र्याला वाटतं, समोर काहीतरी धोक्याचं आहे. काकांनी टिपूला रस्त्यावर आणलं, आम्ही भुरीला खाली उतरवलं, आणि दोघांना एकाच दिशेनं, थोडं अंतर ठेवून चालवत नेलं. दोन नारळांच्या वाड्या ओलांडेपर्यंत त्यांचं हुंगून झालं. परत आलो तेव्हा टिपूनं पडवीतली आपली जागा सोडली नाही, पण भुरीला पायरी दिली.

संध्याकाळी सगळेच किनाऱ्यावर गेलो. सुरूच्या झाडांखालून बाहेर पडलो तर समोर दूरवर मागे गेलेला समुद्र आणि ओली, घट्ट वाळू. भुरीनं आयुष्यात पहिल्यांदा समुद्र पाहिला. ती थबकली. एक पाय उचलून तसाच ठेवला. लाट आली, मागे सरली, लाट गेली तशी पुढे झाली. धाकट्यानं विचारलं, "आई, तिला काय वाटत असेल?" मला उत्तर देता आलं नाही. तिचं नाक मात्र थांबत नव्हतं. नाकपुड्यांच्या कडा हलत होत्या, मिशांवर खारे थेंब बसले होते.

दुसरा दिवस : मुरूड ते कर्दे

रात्री जेवताना काकांनी भरतीचं गणित सांगितलं. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ मिळते. पौष नुकताच लागला होता. दुसऱ्या दिवशी द्वितीया, म्हणजे दोनाची पाऊणपट दीड. दुपारी दीडला भरती, तर ओहोटी त्याच्या साधारण सहा तास आधी, सकाळी साडेसातच्या सुमाराला. रोज हे सगळं पाऊण तासानं पुढे सरकतं. लेकीनं लगेच पुढच्या सगळ्या तिथींचं कोष्टक वहीत मांडलं. कुत्र्याबरोबर किनाऱ्यावर चालायचं तर ही वही खिशात हवीच. ओहोटीला वाळू घट्ट असते, पाय रुतत नाहीत, सासूबाईंसारख्या माणसालाही चालता येतं. भरतीच्या वेळी उरते ती वरची सैल वाळू, आणि चढत्या पाण्याजवळ दोरी सांभाळताना सगळ्यांचीच धांदल उडते.

साडेसहाला निघालो. अंगात स्वेटर, कानाला रुमाल. भुरीच्या अंगावर काहीच नाही. तिच्यासारख्या आखूड केसांच्या कुत्र्याला कोकणातली थंडी चालून निघते. अंग ओलं राहिलं तरच कुडकुडतं. म्हणून माझ्या पिशवीत दोन जुने पंचे होते. पाण्याची बाटली आणि तिचं वाडगंही होतं. समुद्राचं पाणी कुत्रं खेळता खेळता पितं, आणि मग उलट्या-जुलाब होतात. दर थोड्या वेळानं गोडं पाणी पुढे केलं की ते तिकडे तोंड घालत नाही.

मुरूडपासून कर्द्याकडे किनारा सलग जातो. मागे उत्तरेला सुवर्णदुर्ग, उजव्या हाताला समुद्र, डाव्या हाताला सुरू आणि माड. खेकड्यांनी रात्रभर वाळूच्या बारीक गोळ्यांची रांगोळी घातली होती, प्रत्येक बिळाभोवती एक. भुरी एकेका बिळात नाक खुपसायची, फुरफुरायची, वाळू उडवायची. धाकटा तिच्याशेजारी गुडघ्यावर बसून बघत होता. एका बिळातून छोटा खेकडा बाहेर येऊन तिच्या नाकासमोर नांगी उगारून उभा राहिला, आणि भुरी चक्क मागे सरली. शहरातल्या मुलाला एका ठिकाणी इतका वेळ, हातात फोन नसताना, बसलेलं मी फार दिवसांनी पाहिलं.

पुढे ओल्या वाळूवर कुरवांचा मोठा थवा बसला होता. आपण ज्यांना सरसकट सीगल म्हणतो ते हे. काळ्या डोक्याचे आणि तपकिरी डोक्याचे, दोन्ही. थंडीत त्यांची डोकी पांढुरकी होतात, डोळ्यामागे तेवढा काळा ठिपका राहतो. तपकिरी डोक्याचे कुरव लडाख-तिबेटकडच्या उंच सरोवरांवर घरटी करतात आणि हिवाळा काढायला आपल्या किनाऱ्यावर येतात. त्यांच्या पुढे-मागे चिखल्या आणि तुतवार तुरुतुरु पळत होते.

तेवढ्यात एका कुटुंबानं आपला लॅब्राडोर मोकळा सोडला. तो थव्यात घुसला, सगळे पक्षी एकदम उठले, कडेच्या लोकांनी मोबाइल वर केले. दृश्य सुंदर होतं, हे मी नाकारत नाही. पण पक्षी खाली बसले की पुन्हा कुत्रा, पुन्हा उड्डाण. हजारो किलोमीटर उडून आलेल्या पाखरांना इथे खायचं असतं, विसावायचं असतं. परतीच्या प्रवासाची चरबी याच वाळूवर साठवायची असते. प्रत्येक उड्डाणाला ती खर्ची पडते. मी त्या गृहस्थांपाशी जाऊन हे सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं, कुत्र्याला बोलावून पट्टा लावला, आणि मग दोन्ही घरं मिळून थव्याला लांबून वळसा घालत पुढे गेलो. त्यांची छोटी मुलगी आणि माझा धाकटा कर्द्यापर्यंत एकत्र चालले. कुत्रा आवडणारी माणसं मुळात प्राणी आवडणारी असतात. नीट सांगितलं तर ऐकतात, असा माझा विश्वास आहे.

आमची भुरी लांब दोरीवर असते. पाच-सहा मीटर लांबीची सुती दोरी. तिला पळता येतं, वळता येतं, हुंगता येतं, आणि वेळ आली तर थांबवताही येतं. कुत्र्याला मोकळं सोडणं म्हणजेच त्याला आनंद देणं, हे मला पटत नाही. त्याला हुंगायला वेळ दिला, आपण घाई केली नाही, तर दोरीवरही त्याचं चालणं भरपूर होतं.

किनाऱ्यावर एका गोष्टीवर मात्र डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवावं लागतं. जाळी झटकताना नको असलेले मासे तिथेच टाकलेले असतात, आणि त्यांत केंड असतो. डिवचला की फुग्यासारखा फुगणारा हा मासा विषारी आहे. कुत्र्यानं खाल्ला तर जीव जाऊ शकतो. एक केंड मला कर्द्याच्या अलीकडे दिसला, पोट फुगलेलं, पांढरं, अंगावर बारीक काटे. मुलांना बोलावून दाखवला, म्हणजे पुढे त्यांनाच ओळखता येईल. वाळलेली जेलीफिश, गळ, जाळ्याचे तुकडे, हेही तसंच. भुरीला 'सोड' हा शब्द कळतो, आणि त्या एका शब्दासाठी पिल्लूपणी घेतलेले सगळे कष्ट इथे वसूल झाले.

परतल्यावर विहिरीच्या पाण्यानं तिचे पाय आणि पोट धुतलं. मीठ राहिलं की बोटांच्या मधली कातडी चरचरते, मग कुत्रं चाटत सुटतं. पंच्यानं कोरडी केली आणि उन्हात पडवीच्या पायरीवर झोपवली. काकूंनी आमच्यासाठी घावन आणि चटणी केली होती. भुरीला मऊ भात आणि उकडलेलं अंडं, त्यात मीठ-मसाला नाही, कांदा-लसूण तर मुळीच नाही. ते कुत्र्याच्या रक्ताला अपायकारक असतं. पुण्याहून आणलेला नाताळचा केकही मुलांनी उंच फळीवर ठेवला. बेदाणे आणि चॉकलेट, कुत्र्यासाठी दोन्ही विष. घरोघरी माहीत असायला हवी अशी ही गोष्ट आहे, कारण केकचा तुकडा लाडानं देणारे हात पुष्कळ असतात.

तिसरा दिवस : कुसळं

लाडघरला गेलो, पण किनाऱ्यापेक्षा वरच्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, जास्त रमलो. आंब्याला मोहोर धरायला लागला होता, त्याचा वास उन्हात उतरत होता. गवत वाळून सोनेरी झालेलं. हेच गवत हिवाळ्यात कुत्र्याचा मोठा शत्रू. कुसळं केसांत अडकतात, चालता चालता आत आत सरकतात, बोटांच्या बेचक्यात किंवा कानात शिरली तर पू होतो. म्हणून पायवाट सोडायची नाही, आणि घरी आल्यावर बसून एकेक पाय तपासायचा.

ते काम आमच्याकडे लेकीचं. तिनं भुरीला मांडीवर उताणी घेतली आणि चिमट्यानं सुरुवात केली. पुढच्या उजव्या पायात, दोन बोटांच्या मधे, एक कुसळ टोकापर्यंत रुतलेलं होतं. वरून फक्त बारीक पिवळी शेपटी दिसत होती. भुरीनं पाय ओढून घेतला. लेक थांबली, तिच्या छातीवर हात ठेवून काहीतरी पुटपुटली, मग एका झटक्यात ओढून काढलं. मागे रक्ताचा ठिपका. कोमट मिठाच्या पाण्यानं धुतलं. कानामागे दोन गोचिडी सापडल्या, त्याही चिमट्यानं मुळाशी धरून सरळ ओढून काढल्या. गोचिडी थंडीत नसतात अशी समजूत असते. आपल्याकडची थंडी त्यांना मारण्याइतकी कडक नसते. औषध बारा महिने चालू ठेवावं लागतं.

संध्याकाळी हर्णैच्या बंदरावर मासळीचा लिलाव बघायला गेलो, पण तिथली गर्दी, बर्फाचे खोके आणि वासाचा लोंढा भुरीसाठी फार होता. नवरा तिला घेऊन लांब धक्क्याकडे बसला.

चौथा दिवस : आंजर्ले

चतुर्थी होती, त्यामुळे कड्यावरच्या गणपतीला गर्दी असणार हे ठाऊक होतं. म्हणून आधी किनारा. पाऊणपटीच्या हिशोबानं ओहोटी नऊच्या आत-बाहेर, आणि आम्ही सातलाच जोग नदीवरचा पूल ओलांडून आंजर्ल्याला पोचलो.

किनाऱ्यावर गावातला एक तरुण, हातात काठी आणि पाठीला पिशवी, वाळूकडे बघत येत होता. आम्हाला पाहून त्यानं लांबूनच हात केला. "ताई, दोरी सोडू नका हां." तो कासवमित्र निघाला. ऑलिव्ह रिडले कासवांचा अंडी घालायचा हंगाम कोकणात साधारण नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत चालतो. मादी रात्री किनाऱ्यावर चढते, भरतीरेषेच्या वर हातभर खड्डा करते, शंभराच्या आसपास अंडी घालते, वाळू लोटून बुजवते आणि परत जाते. मग दीडेक महिना ती अंडी वाळूच्या उबेवर. आईचा पहारा नाही, कुणाचाच नाही. कुत्रे, कोल्हे आणि रानडुकरं वासावरून खड्डा उकरतात. पूर्वी माणसंही अंडी काढून नेत. 2002 मध्ये चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेनं वेळासला संवर्धनाचं काम सुरू केलं, गावकऱ्यांना सोबत घेतलं, आणि आता वन विभाग आणि गावोगावचे कासवमित्र मिळून घरटी शोधून अंडी कुंपणाच्या आत हलवतात.

त्यानं आम्हाला पाण्यापासून वर गेलेला माग दाखवला. ट्रॅक्टर गेल्यासारखे दोन्ही बाजूंना वल्ह्यांचे ठसे, मधे पोट घासल्याचा पट्टा. मादी आली होती, पण जागा न आवडून अंडी न घालताच परतली होती. भुरीनं माग हुंगला. तिचं अख्खं शरीर ताठ झालं, शेपूट सरळ, आणि ती नाक खाली घालून थेट वर, भरतीरेषेकडे निघाली. त्या वेळी माझ्या मनात लख्ख उजेड पडला. भुरी लाडाची, गुणी, घरात मांजराच्या पिल्लालाही न दुखवणारी. पण हे नाक तिचं आहे, आणि ते तिला बरोबर घरट्यापाशी नेईल. त्यात तिचा काहीही दोष नाही. दोरी धरणारा हात माझा आहे, म्हणून जबाबदारी माझी.

"गावातली कुत्री?" नवऱ्यानं विचारलं.

"ती आहेतच," तो म्हणाला. "म्हणून तर पहाटे त्यांच्या आधी पोचावं लागतं."

हंगामभर रोज रात्री आणि पहाटे हा किनारा पालथा घालणारी ही मुलं आहेत. सासूबाईंनी त्याला थर्मासमधला चहा दिला, आणि तो पिता पिता त्यानं धाकट्याच्या प्रश्नांना न कंटाळता उत्तरं दिली. वाळू जास्त तापली तर माद्या जास्त जन्मतात, थंड राहिली तर नर, हे ऐकून धाकट्यानं वाळूत हात खुपसून बघितला. मग आम्ही पाण्याच्या कडेकडेनं, ओल्या वाळूवरून चाललो. वरच्या कोरड्या पट्ट्यात पाय टाकला नाही.

दुपारी कड्यावर गेलो. देवळात भुरीला नेणं शक्य नव्हतं, म्हणून पाळीपाळीनं दर्शन घेतलं. उजव्या सोंडेची मूर्ती, गार गाभारा, बाहेर तळं. माझी पाळी होईपर्यंत मी आणि भुरी कड्याच्या टोकाशी सावलीत बसलो होतो. खाली आंजर्ल्याचा किनारा, पलीकडे सुवर्णदुर्ग, माडांची दाट रांग. फुलंवाल्या आजींनी भुरीला पाहून विचारलं, "चावते का गो?" नाही म्हटल्यावर त्यांनी तिच्या कपाळावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "दत्ताच्या पायाशी असतात ती ही." भुरीनं त्यांच्या पदराचा वास घेतला आणि तिथेच, त्यांच्या टोपलीशेजारी, अंग टाकलं.

परतीचा दिवस

निघायच्या आधी ओहोटी साधायला वेळ नव्हता, म्हणून मुरूडच्या पाखाड्यांतूनच एक फेरी मारली. टिपू फाटकापासून वेशीपर्यंत आमच्याबरोबर आला, भुरीच्या खांद्याला खांदा लावून. वेशीवर दुसऱ्या आळीची कुत्री उभी होती. टिपू थांबला, त्याची हद्द तिथे संपत होती. आम्हीही तिथूनच वळलो. गावातल्या कुत्र्यांच्या हद्दी पाहुण्यानं पाळाव्यात.

काकूंनी निघताना कोकमं आणि पावट्याच्या शेंगा बांधून दिल्या, आणि खोली आम्ही झाडून दिली. कोपऱ्यातले केस, पडवीतली वाळू, सगळं. कुत्रं घेऊन राहिलेल्या माणसांनी जागा आधीपेक्षा स्वच्छ सोडली तर पुढच्यांना दार उघडं राहतं. किनाऱ्यावरही आम्ही भुरीची घाण पिशवीत उचलूनच आणत होतो.

गाडीत मुलांनी पुढचा बेत ठरवूनही टाकला. फेब्रुवारी-मार्चमध्ये पिल्लं बाहेर पडायला लागली की वेळासला किंवा आंजर्ल्याला कासव महोत्सवासाठी यायचं. सकाळ-संध्याकाळ पिल्लं समुद्रात सोडतात तेव्हा बघायला मिळतात. त्या खेपेला भुरीला आणायचं नाही, हे धाकट्यानंच सांगितलं. ती शेजारच्या काकांकडे राहील, आणि आम्ही परत आलो की तिला घेऊन टेकडीवर जायचं, ऊन चढायच्या आत. लेकीनं त्या आठवड्याच्या तिथी कोष्टकात लिहूनही घेतल्या.